तारेवरचीं पाकिटें व आमचीं मुलें

पाकीट हा शब्द आपल्या उमरेडांत कोणास परका नाहीं. टपालवाला घरीं आणून देतो तें पाकीट, आणि बाजाराच्या गर्दींत खिशांतून नाहींसें होतें तेंही पाकीट. संगणकशास्त्रांत आज जो पॅकेट शब्द रूढ झाला आहे तो याचाच सख्खा भाऊ असून त्याचा अर्थही टपालाच्या पाकिटावरूनच उत्तम कळतो. आपण फोनवर एखादें चित्र पाहतों तेव्हां तें सबंध एका तुकड्यानें येत नाहीं. त्याचे लहान लहान भाग होतात. प्रत्येक भागावर धाडणाराचा पत्ता, घेणाराचा पत्ता व अनुक्रम लिहिलेला असतो. आणि सर्व भाग पोहोंचल्यावर ते जुळवून चित्र उभें केलें जातें. इथरनेटच्या तारेवर अशा एका पाकिटांत साधारणतः १५०० बाइटांहून अधिक मजकूर मावत नाहीं. म्हणजे दोन एमबीचा एक फोटो आला तर सुमारें तेराशें-चौदाशें पाकिटें दारावरून गेलीं असें समजावें.

हीं पाकिटें जात असतां टिपून घेऊन, त्यांवरचा पत्ता व आंतील रचना उलगडून दाखविणारें एक साधन आहे. त्याचें नांव वायरशार्क. तें फुकट मिळतें, इतकेंच नव्हे, तर ज्यास सोर्स कोड म्हणतात तो त्याचा मूळ लेख कोणासही वाचावयास, बदलावयास व वांटावयास मोकळा आहे. आमच्या शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलांकडून हें साधन आयतें न घेतां मूळ लेखापासून घडवून, म्हणजे कंपाइल करून, घ्यावें असा विचार चालला आहे. त्यावर पालकांकडून दोन आक्षेप आले आहेत. कोणी म्हणतात, हें चोराचें हत्यार आहे; मुलांना दुसऱ्याचीं पत्रें फोडावयास कां शिकवितां? कोणी म्हणतात, आयतें दोन मिनिटांत मिळतें, तर त्यासाठीं चार शनिवार कां घालवावे, आणि परीक्षेंत त्यास गुण तरी आहेत काय? दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, व प्रामाणिक आक्षेपास उत्तर देणें हें शिक्षकाचें कामच आहे. माझें मत आरंभींच सांगून टाकतों: हें शिकवावें, आणि घडवूनच शिकवावें.

पहिला आक्षेप अधिक गंभीर, म्हणून तो आधीं घेतों. सुरीनें भाजीही चिरतां येते व गळाही कापतां येतो, असली उपमा देऊन हा आक्षेप उडवून लावण्याची एक चाल पडली आहे. मला ती पुरेशी वाटत नाहीं. ज्या आईबापांनीं आपलें मूल आमच्या हवालीं केलें आहे त्यांना उपमा नको, खुलासा हवा.

हें साधन मुळांत कोणीं व कशासाठीं केलें तें पाहूं. अमेरिकेंत बर्कली येथें लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. तेथें १९८८ च्या सुमारास व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन या तिघांनीं टीसीपीडम्प नांवाचें पाकिटें टिपणारें एक साधन लिहिलें. जाळ्यावरची रहदारी कोठें व कां तुंबते हें त्यांस शोधावयाचें होतें. त्यांच्याच कामांतून निघालेल्या लिबपीकॅप या संग्रहावर वायरशार्क आजही उभें आहे. पुढें कॅन्सस सिटींत जेराल्ड कोंब्ज नांवाचा एक पदवीधर, इंटरनेट पुरविणाऱ्या एका लहानशा कंपनींत नोकरीस असतां, त्याला याच जातीच्या साधनाची गरज पडली. विकत मिळणारीं साधनें तेव्हां सुमारें दीड हजार डॉलरांचीं असत, आणि त्याच्या कंपनींत ज्या सोलारिस व लिनक्स या प्रणालि चालत त्यांवर तीं चालत नसत. तेव्हां त्यानें स्वतःच लिहावयास घेतलें, व १९९८ च्या जुलैंत इथीरियल या नांवानें तें जगापुढें मोकळें ठेविलें. २००६ सालीं त्यानें नोकरी बदलली. जुन्या नांवावरचा हक्क जुन्या धन्याकडे राहिला; मूळ लेख मात्र मोकळ्या परवान्याखालीं असल्यामुळें तो बरोबर नेतां आला, आणि नवें नांव पडलें वायरशार्क. नांव धन्याकडे राहिलें व काम लोकांकडे आलें, ही घटना मला त्या साधनाच्या साऱ्या गुणांहून अधिक शिकविण्याजोगी वाटते. असो. सांगावयाचें तें हें कीं, हें साधन चोरांच्या अड्ड्यावर जन्मलें नाहीं. बिघाड शोधणाऱ्या कारागिरांच्या गरजेंतून जन्मलें, आणि आजही जेथें जेथें जाळें सांभाळणारा मनुष्य आहे तेथें तेथें तें त्याच्या हाताशीं असतें.

आतां त्यानें दिसतें काय? पूर्वीं एकाच तारेवर अनेक यंत्रें जोडलेलीं असत व एकाचें पाकीट सर्वांच्या दारावरून जात असे. प्रत्येक यंत्र आपल्या पत्त्याचें तेवढें उचली व बाकीचें सोडून देई. टिपणारें साधन यंत्रास सांगतें कीं, कांहींच सोडूं नको. त्या काळीं भीति खरी होती. आज शाळांतून व कचेऱ्यांतून स्विच नांवाची पेटी असते; ती ज्याचें पाकीट त्याच्याच तारेवर घालते. म्हणून एका यंत्रावर बसलेल्या मुलास शेजारच्या यंत्राचें खासगी बोलणें सहसा दिसत नाहीं. त्याला दिसतात तीं आपल्याच यंत्राचीं पाकिटें, आणि सर्वांस उद्देशून दवंडीसारखीं पिटलेलीं पाकिटें. हा पत्ता कोणाचा आहे हो, अशी दवंडी तारेवर सारखी चाललेली असते. प्रथम पाहणाऱ्यास त्याचें हसूं येतें.

दुसरी गोष्ट मोहोरेची. आपल्या वडिलांच्या पिढीला पोस्टकार्ड व बंद पाकीट यांतील भेद सांगावा लागत नव्हता. लग्न जमल्याची बातमी कार्डावर जाई, मोडल्याची पाकिटांत. १९९८ मध्यें हें साधन निघालें तेव्हां जाळ्यावरचा बहुतेक मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जात असे, परवलीचे शब्दसुद्धां. तेव्हांपासून चाल बदलली आहे. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनें मोहोरबंदीचीं प्रमाणपत्रें सर्वांस फुकट देण्यास आरंभ केला, व पुढील कांहीं वर्षांत बहुतेक संकेतस्थळें मोहोरबंद झालीं. बँकेचा, शाळेचा, निरोपांचा मजकूर आज टिपला तरी वाचतां येत नाहीं. पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग तेवढी दिसते.

तर मग भीति संपली काय? नाहीं, आणि म्हणूनच मी हा विषय शाळेंत यावा असें म्हणतों. मोहोर पाकिटाच्या आंतल्या मजकुरास असते, वरच्या पत्त्यास नसते. आपण कोणत्या स्थळाशीं, किती वाजतां, किती वेळां व किती आकाराचें बोललों हें बहुधा वरूनच कळतें. एखाद्या स्थळाचें नांव टाइप केलें कीं प्रथम यंत्र कोणास तरी विचारतें, या नांवाचा पत्ता कोणता? तो प्रश्न अजून पुष्कळ ठिकाणीं उघड्या कार्डावर जातो. रात्रीं दोन वाजतां कोणत्या रोगाची माहिती शोधली हें जाळें पुरविणाऱ्यास त्या एका प्रश्नावरून ताडतां येतें. हें मुलांना वर्गांत सांगून पटत नाहीं. मीं सांगितलें म्हणजे तीं मान डोलावतात व घरीं जाऊन फुकटचा खेळ उतरवून घेतात. परंतु संगणकाच्या हॉटस्पॉटवर आपलाच फोन जोडून, खेळ बंद केल्यावरही तो फोन कोणाकोणाशीं बोलत राहतो हें ज्यानें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं मोजलें, त्याला परवानगी द्या असें विचारणाऱ्या खिडकीचा अर्थ नव्यानें कळतो. दुकानांत लावलेला स्वस्त कॅमेरा असो कीं दिवाणखान्यांतला टीव्ही, त्यांच्याविषयींही हेंच. चोराचें हत्यार म्हणून ज्यास आपण भितों तेंच घरधन्याचा कंदीलही आहे, आणि घरांत कंदील नसावा असें कोणी म्हणत नाहीं.

कायद्याचें म्हणाल तर तो स्पष्ट आहे व तो मुलांना पहिल्याच तासाला वाचून दाखविला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व्या व ६६ व्या कलमांप्रमाणें मालकाच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या यंत्रांत वा जाळ्यांत अप्रामाणिकपणें शिरणें, त्यांतील माहिती काढून घेणें, यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे असा एकमतानें निर्णय दिला. माझ्या मतें या दोन गोष्टी नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून पाठ करून घेण्यापेक्षां, पाकिटें टिपण्याची कळ दाबण्यापूर्वीं, हात कळीवर असतां, सांगितलेल्या अधिक ठसतात.

आतां दुसरा आक्षेप. आयतें मिळत असतां घडवावें कशाला?

याचें उत्तर मराठी छापखान्याच्या इतिहासांत आहे. मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथें काम करून व पाहून शिकलेले गणपत कृष्णाजी नांवाचे गृहस्थ होते. त्यांनीं परक्यांच्या छापखान्यांतून छापून आणण्याचा सोपा मार्ग न धरितां स्वतः शिळाप्रेस उभा केला, शाई स्वतः बनविली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढिलें. पुढें खिळेही स्वतःच तयार केले. त्या काळीं छापील पुस्तकास हात लावण्यास पुष्कळ लोक कचरत. शाईंत जनावरांची चरबी असते असा बोभाटा होता. गणपत कृष्णाजींनीं चरबीच्या जागीं तूप घालून शाई केली असें सांगतात. शाईंत काय आहे हें दुसऱ्यास खात्रीनें कोण सांगूं शकतो? ज्याला शाई काढतां येते तो. आयती बाटली आणणारानें फक्त वरची चिठ्ठी वाचलेली असते. त्याच मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला, आणि त्यांच्या खिळ्यांचें वळण साऱ्या देवनागरी मुद्रणास शोभा देऊन गेलें. दोघेही प्रथम दुसऱ्याच्या यंत्रावर हात काळे करून शिकले. मात्र तेथेंच थांबले नाहींत.

कंपाइल करणें म्हणजे काय तें येथें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पालकांपैकीं पुष्कळांस हा शब्द नवा आहे. प्रोग्राम लिहिणारा मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. वायरशार्कचा बहुतेक भाग सी या भाषेंत व पडद्यावरील खिडक्यांचा भाग सी प्लस प्लस या भाषेंत आहे. यंत्राला ती भाषा कळत नाहीं. मूळ लेखाचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणें व सर्व तुकडे एकत्र सांधणें, ही ती क्रिया. आपलें उमरेड हें मागांचें गांव. येथल्या रेशीमकांठी धोतरांची एके काळीं ख्याति होती. ज्यांच्या घरीं माग चालला त्यांना सांगावयास नको कीं सूत आणलें म्हणजे कापड झालें असें नाहीं. खळ लावावी, ताणा करावा, कांड्या भराव्या, फणींतून एक एक तार ओवावी, आणि मग धोटा चालवावा. दुकानांतून धोतर आणणारास यांतलें कांहींच दिसत नाहीं, व तार कोठें तुटली तर सांधतांही येत नाहीं.

वायरशार्कची विणाई अशी. प्रथम मूळ लेख त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या स्थळावरून उतरवून घ्यावयाचा. दाबून बांधलेला तो गठ्ठा चाळीस-पन्नास एमबीचा असतो. उतरविल्यावर त्याचा ठसा, म्हणजे ६४ अक्षरांची एक खूण, काढून ती प्रकल्पानें प्रसिद्ध केलेल्या खुणेशीं ताडून पाहावयाची. एक अक्षर जरी जुळलें नाहीं तरी गठ्ठा टाकून द्यावयाचा. ही पायरी पुष्कळ मोठीं माणसें गाळतात. शाळेंत ती गाळूं देऊं नये.

नंतर साहित्याची जमवाजमव. हें साधन एकट्यानें उभें राहत नाहीं. पाकिटें टिपण्यास लिबपीकॅप, सर्वसाधारण कामांस जीलिब, गुप्तलेखनास लिबजीक्रिप्ट, नांवांचे पत्ते विचारण्यास सी-एअर्स, पडद्यावरील खिडक्यांस क्यूटी, शिवाय फ्लेक्स, पायथन, आणि सी व सी प्लस प्लस यांचे कंपायलर. डेबियन किंवा उबुंटू असेल तर हें सर्व एका आज्ञेंत आणणारी एक चिठ्ठी मूळ लेखाच्या टूल्स नांवाच्या खणांतच ठेविलेली आहे. मुलांनीं ती चालविण्यापूर्वीं उघडून वाचावी असा माझा आग्रह राहील. आपल्या घरांत कोण कोण राहावयास येत आहे हें पाहण्यासारखें तें आहे.

मग मूळ लेखाच्या बाहेर एक निराळा रिकामा खण करावयाचा, म्हणजे घडविलेला माल व कच्चा माल एकमेकांत मिसळत नाहींत. त्या खणांतून सी-मेक नांवाचा तपासनीस बोलवावयाचा. तो यंत्रावर काय आहे व काय नाहीं तें एकेक करून पाहतो, आणि सर्व सांपडलें तर कामाचा आराखडा लिहून देतो. शेवटीं निंजा नांवाचा मुकादम तो आराखडा हातीं घेऊन काम सुरू करतो. पडद्यावर एकूण पायऱ्या किती व झाल्या किती याचा आंकडा सरकत राहतो. जुन्या यंत्रावर यास अर्धा तास लागेल, कधीं त्याहून पुष्कळ अधिक. मुकादम स्वभावानें घाईचा असल्यामुळें यंत्राचे सर्व हात एकदम कामास जुंपतो. चार जीबी स्मृतीच्या यंत्रास तें झेपत नाहीं व तें गुदमरतें. तेव्हां एका वेळीं दोनच कामें कर असें त्याला बजावावें लागतें. ज्या यंत्रास क्यूटीचा भार सोसत नाहीं त्यावर खिडक्यांचा भाग वगळून नुसतें टीशार्क घडवावें. तें अक्षरांतच बोलतें, परंतु तेंच बोलतें.

या साऱ्यांत कोठें तरी काम अडतेंच. क्यूटी सांपडलें नाहीं, अमुक फाइल नाहीं, अशी तांबड्या अक्षरांतली तक्रार येते. आणि खरें शिक्षण येथें सुरू होतें. आपलीं मुलें चूक आली कीं पुन्हां कळ दाबतात, नाहींतर पडदा बंद करतात. परीक्षेच्या पद्धतीनें त्यांना असें शिकविलें आहे कीं चूक म्हणजे गुण गेले. परंतु येथें चुकीचा संदेश हाच मार्गदर्शक असतो, मात्र तो वाचला पाहिजे. त्यांतही खुबी अशी कीं, पन्नास ओळींच्या तक्रारींत शेवटची ओळ पाहून उपयोग नसतो. वर चढत जाऊन पहिली तक्रार शोधावी लागते, कारण पुढल्या बहुतेक तिच्याच पोटच्या असतात. गणितांत, व्याकरणांत, संसारांतही हेंच लागतें असें मी म्हणालों असतों. परंतु संगणकाच्या निबंधांत संसार आणूं नये.

साधन तयार झाल्यावर एक बारीक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तारेवरचीं पाकिटें टिपण्यास यंत्राचा विशेष अधिकार लागतो. सोपी वाट म्हणजे सारा वायरशार्क यंत्राच्या मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकारानें चालविणें. त्याच्या कर्त्यांनीं ही वाट वर्ज्य सांगितली आहे. पाकिटें उलगडणारा भाग अवाढव्य आहे. त्यांत हजारों प्रकारच्या बोलींचे अर्थ लावणारीं प्रकरणें आहेत, व एखाद्यांत दोष असल्यास एक वांकडें पाकीट धाडून परका मनुष्य आंत शिरेल. म्हणून त्यांनीं टिपण्यापुरता डम्पकॅप नांवाचा लहानसा निराळा भाग केला, आणि विशेष अधिकार द्यावयाचा तो त्यालाच, तोही नेमका पाकिटें टिपण्यापुरता. बाकी साऱ्यानें साध्या माणसासारखें वागावें. अधिकार ज्याच्या कामास लागतो त्याला, व कामापुरताच, हें तत्त्व आयतें साधन बसविणारासही उपयोगी पडतें, परंतु दिसत नाहीं. घडविणारास तो अधिकार स्वतःच्या हातानें द्यावा लागतो, म्हणून दिसतें.

कोणी चाणाक्ष पालक येथें विचारतील, घडविलें म्हणजे सर्व सुरक्षित झालें काय? झालें असें म्हणणें खोटेपणाचें होईल. केन टॉम्सन या थोर संगणकतज्ज्ञानें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत दाखवून दिलें होतें कीं, रूपांतर करणारा कंपायलरच जर फितूर असेल तर निर्मळ मूळ लेखापासूनही दूषित माल निघेल. आणि २०२४ च्या मार्च महिन्यांत तर याचा चुलतभाऊच उघडकीस आला. एक्सझेड नांवाच्या, गठ्ठे दाबून बांधणाऱ्या व असंख्य लिनक्स यंत्रांत असणाऱ्या साधनांत कोणीं तरी टोपण नांवानें दोन-अडीच वर्षें विश्वास संपादून चोरवाट घातली होती. त्या वाटेची किल्ली सर्वांपुढें मांडलेल्या मूळ लेखांत नव्हती. प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्याच्या, घडवितांना चालणाऱ्या चिठ्ठींत लपविली होती. म्हणजे ज्यानें तो गठ्ठा ठसा ताडून घेऊन विश्वासानें घडविला असता त्याच्याही यंत्रांत ती शिरूं शकली असती. ती सांपडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रांत प्रवेश करण्यास नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. दुसऱ्या कोणीं तें सोडून दिलें असतें. त्यानें मोजलें, शोधलें, घडविण्याच्या चिठ्ठीपर्यंत मागें गेला, आणि २९ मार्च रोजीं जगास सावध केलें. बहुतेक यंत्रांवर ती विषारी आवृत्ति पोहोंचण्यापूर्वींच काम थांबलें.

या गोष्टीचा अर्थ दोन्ही बाजूंनीं लावतां येईल हें मी जाणतों. मोकळा मूळ लेखही फसवूं शकतो, हें तिनें सिद्ध केलें. परंतु ज्या अर्धा सेकंदानें चोर पकडला तो मोजण्याची संवय, आणि घडविण्याची चिठ्ठी वाचण्याची पात्रता, आयतें घेणाऱ्याच्या अंगीं येत नाहीं. व मूळ लेख बंद असता तर फ्रॉइंड यास मागें जाण्यास वाटच नव्हती. मी जें मागतों तें एवढेंच कीं, आमच्या मुलांपैकीं कांहींच्या अंगीं ही पात्रता यावी. सर्वांनीं सर्व काळ सर्व कांहीं घडवीत बसावें असें मी म्हणत नाहीं. रोजच्या कामास आयतें साधन खुशाल घ्यावें, मीही घेतों.

अर्धा सेकंदावरून आठवलें. घडविलेल्या साधनानें पहिल्या दिवशीं काय पाहावें असें मुलें विचारतात, तर मी एक गणित सुचवितों. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. नागपुराहून मुंबई सरळ रेषेंत अदमासें सातशें किलोमीटर. जाऊन येऊन चौदाशें. म्हणजे आपल्या हाकेस मुंबईहून ओ येण्यास सात सहस्रांश सेकंद तरी लागलेच पाहिजेत. याहून लवकर ओ येणें सृष्टीच्या नियमांत बसत नाहीं. आतां मुंबईंतील एखाद्या यंत्रास हाक मारून वायरशार्कमध्यें प्रत्यक्ष काळ मोजावा. तो अधिकच निघेल. वाढीव वेळ कोठें गेला? तार सरळ नाहीं, वाटेंत चौक्या आहेत, प्रत्येक चौकीवर रांग आहे. आणि ओ तीन सहस्रांशांत आली तर समजावें कीं आपण मुंबई म्हणून ज्याला हाक मारली तो मुंबईस बसलेलाच नाहीं! आमच्या छोट्या रेल्वेनें २०१९ पर्यंत नागपूर गांठण्यास किती वेळ लागे हें ज्यांना आठवतें त्यांना सहस्रांशांच्या या भांडणाचें हसूं येईल. परंतु विज्ञानाच्या तासाला प्रकाशाचा वेग पाठ म्हणणारा मुलगा त्या दिवशीं तो वेग प्रथमच वापरतो.

हातच्या उपयोगाचीही गोष्ट आहे, ती दोन शब्दांत सांगतों. मिहानमध्यें टी.सी.एस., एच.सी.एल., इन्फोसिस यांच्या कचेऱ्या आल्या, आणि आपल्या गांवच्या पदवीधरांची दृष्टि तिकडे लागली हें स्वाभाविक आहे. मुलाखतींत काय विचारतील याची हमी मी देऊं शकत नाहीं. परंतु पाकीट उलगडतां येणें व न आलेला भाग शोधून साधन घडवितां येणें ही कारागिरी तेथेंही चालते, आणि मिहानपर्यंत न पोहोंचलेल्या मुलासही गांवांतल्या सहकारी बँकेच्या, दवाखान्याच्या, दुकानाच्या जाळ्यावर उपयोगी पडते.

इंग्रजीची अडचण खरी आहे. तक्रारींचे संदेश इंग्रजींतच येतात. मात्र लिनक्स, सी भाषा इत्यादींची तोंडओळख करून देणारे धडे मुंबईच्या आय.आय.टी.नें स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांतून मराठींतही बोलून दाखविले आहेत, व ते फुकट आहेत. त्यांपासून आरंभ करतां येईल. केरळांतील सरकारी शाळांत तर कित्येक वर्षें मोकळ्या प्रणालींवरच संगणक शिकविला जात आहे. तेथील मुलांना तें जमतें आणि विदर्भांतल्या मुलांना जमणार नाहीं असें मानण्यास मला कारण दिसत नाहीं.

तेव्हां व्यवस्था कशी असावी त्याविषयीं माझी सूचना अशी. संगणकखोलींतील दोन यंत्रें बाजूस काढावीं व तीं एका निराळ्या लहान स्विचवर जोडावीं. शाळेच्या कचेरीच्या जाळ्याशीं त्यांचा संबंध नसावा. टिपावयाचें तें त्या दोन यंत्रांमधील बोलणें, आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा फोन असल्यास पालकांच्या लेखी परवानगीनें त्याचें. टिपलेली फाइल त्याच दिवशीं पुसावी. परवानगीच्या चिठ्ठीवर कलम ४३ व ६६ यांचा सारांश मराठींत छापावा, व तिजवर मुलाची आणि पालकांची, दोघांचीही सही घ्यावी. पालकांनीं इच्छा असल्यास त्या शनिवारीं मागच्या बांकावर येऊन बसावें. या कामास गुण ठेवूं नयेत. पहिल्या तुकडींत नववीचीं बारा मुलें घ्यावीं व त्यांत निम्म्या मुली असाव्या, कारण फोनवरच्या उपद्रवाचा जांच त्यांनाच अधिक होतो आणि यंत्राच्या तासाला खुर्ची मात्र मुलेंच अडवून बसतात. मूळ लेखाचा गठ्ठा एकदांच उतरवून, ठसा ताडून, पेनड्राइव्हवर ग्रंथालयांत ठेवावा. म्हणजे ज्यांच्या घरीं संगणक आहे पण जाळें धड नाहीं त्यांना तो पुस्तकाप्रमाणें सही करून नेतां येईल.